मयूरासनाचे मोल

२२ मार्च १६३५ रोजी आग्र्याच्या किल्ल्यात बादशहा शहाजहान एका नव्या सिंहासनावर बसला. त्या वर्षी नौरोज आणि रमजान ईद हे दोन्ही सण जवळजवळ लागून आले होते. दरबाराला त्यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता मिळणार? ते सिंहासन घडविण्यास सात वर्षे लागली होती. दरबारी मंडळी त्याला ‘तख्त-ए-मुरस्सा’, म्हणजे रत्नजडित तख्त, म्हणत. ‘तख्त-ए-ताऊस’ किंवा मयूरासन हे नाव पुढे रूढ झाले. मनुष्याने केवळ बसण्यासाठी घडविलेल्या वस्तूंमध्ये एवढी मोलाची दुसरी वस्तू बहुधा झाली नसेल.

ह्या सिंहासनाचा जमाखर्च शहाजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने आपल्या ‘पादशाहनामा’ या ग्रंथात लिहून ठेवला आहे. सिंहासन करण्याचे कारणही तो देतो. पिढ्यान्‌पिढ्या साठलेली रत्ने पेटाऱ्यात पडून राहिली तर त्यांचा उपयोग काय? ती लोकांच्या दृष्टीस पडावीत आणि त्यांच्या तेजाने राज्याचे तेज वाढावे, हा बादशहाचा हेतू. त्याप्रमाणे दोन कोट रुपयांचे जवाहीर नजरेखालून घालण्यासाठी मागविण्यात आले. त्यातून शहाऐंशी लाख रुपयांची निवडक रत्ने वेगळी काढण्यात आली आणि सुवर्णकारखान्याचा दारोगा बेबदल खान याच्या हवाली करण्यात आली. त्या रत्नांचे वजन पन्नास हजार मिस्काल, म्हणजे आजच्या मापाने दोनशे किलोंहून अधिक भरले. शिवाय एक लाख तोळे शुद्ध सोने देण्यात आले. त्याची किंमत चौदा लाख रुपये. तीन गज लांब, अडीच गज रुंद आणि पाच गज उंच असे हे आसन होते. वर मीनाकाम व जडावकाम केलेले छत्र, त्याखाली पाचूंनी मढविलेले बारा खांब, खांबांच्या माथ्यावर रत्नखचित मोर आणि मोरांच्या मध्ये माणिक, हिरे, पाचू व मोती यांनी लहडलेले झाड. चढण्यास तीन पायऱ्या होत्या. टेकण्यासाठी अकरा जडावाच्या फळ्या होत्या आणि त्यातील मधली, खुद्द बादशहाच्या पाठीमागची, एकटीच दहा लाखांची होती. सर्व मिळून खर्च एक कोट रुपये झाला.

एक कोट रुपये म्हणजे किती, हे आजच्या रुपयांत सांगण्याचा पुष्कळांना मोह होतो. पण त्यातून हाती काही लागत नाही. त्या काळचा रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा होता; तेव्हा एक कोट रुपये म्हणजे सुमारे एकशे पंधरा टन चांदी. ज्या ताजमहालाच्या बांधकामाला ह्याच वर्षांत हात घातला गेला, त्याचा खर्च लाहोरीनेच पन्नास लाख दिला आहे. प्रिय पत्नीच्या चिरविश्रांतीसाठी जे लागले त्याच्या दुप्पट बादशहाच्या बैठकीसाठी लागले.

परंतु ह्या हिशेबात एक गंमत आहे आणि ती साध्या बेरजेनेच ध्यानात येते. रत्ने शहाऐंशी लाखांची, सोने चौदा लाखांचे. दोहोंची बेरीज बरोबर शंभर लाख होते. मग ज्यांनी सात वर्षे डोळे फोडून ती रत्ने बसविली, सोने ओतले, मीना भाजला, त्या सोनारांची, जडियांची आणि मीनाकारांची मजुरी कोठे गेली? लाहोरीच्या आकड्यांत तिला जागाच नाही. असे म्हणता येईल की हे कारागीर शाही कारखान्याचे नोकर, त्यांचे वेतन निराळ्या खाती पडत असेल. तसेही असेल. तरीसुद्धा, जगातील सर्वांत महागड्या वस्तूच्या किमतीत ती वस्तू करणाऱ्या हातांचा वाटा शून्य दाखविला जावा, आणि ते सांगताना इतिहासकाराला काही चुकल्यासारखेही वाटू नये, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

ह्या हातांचे मोल काय होते, हे दुसरीकडून कळते. सिंहासनाचे काम सुरू होण्याच्या थोडे आधी डच व्यापारी कंपनीचा फ्रान्सिस्को पेल्सार्ट हा माणूस आग्र्यात सात वर्षे राहिला होता. १६२६ साली त्याने आपल्या वरिष्ठांसाठी एक विस्तृत टिपण लिहिले. त्यात तो सांगतो की येथील कारागिरांना दोन शाप आहेत. पहिला शाप तुटपुंज्या मजुरीचा : सोनार, चितारी, कशिदा काढणारे, गालिचे विणणारे पहाटेपासून रात्रीपर्यंत राबले तरी पाच-सहा टके, म्हणजे तांब्याची थोडी नाणी, मिळवतात. दुसरा शाप सुभेदार, अमीर-उमराव आणि अंमलदार यांचा. त्यांपैकी कोणाला कारागीर हवा झाला तर त्याला विचारीत नाहीत. घरातून किंवा रस्त्यावरून धरून नेतात. कुरकुर केली तर मार बसतो, आणि संध्याकाळी अर्धी मजुरी मिळते किंवा तीही मिळत नाही. घरगुती नोकरांविषयी तोच लिहितो की बहुतेक सरदार चाळीस दिवसांचा महिना धरतात आणि त्याबद्दल तीन-चार रुपये देतात. ह्या दराने नोकराला वर्षाकाठी जास्तीत जास्त छत्तीस रुपये पडत. म्हणजे एका सिंहासनात पावणेतीन लाखांहून अधिक नोकरांचे वर्षाचे वेतन गोठलेले होते.

सिंहासन घडत होते ती सात वर्षे हिंदुस्थानात सुखाची नव्हती. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन यांवर जो दुष्काळ कोसळला त्याची आठवण महाराष्ट्राला वेगळी करून देण्याचे कारण नाही. देहूच्या तुकारामांचा संसार ह्याच दुष्काळात उद्ध्वस्त झाला. त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. शहाजहान त्या वेळी दख्खनच्या मोहिमेवर बुऱ्हाणपुरास होता. मुमताजमहल १६३१ मध्ये तेथेच वारली. दुष्काळाचे वर्णन लाहोरीनेही केले आहे, आणि ते करताना त्याने काही झाकून ठेवलेले नाही. मेलेल्यांच्या हाडांचे पीठ धान्यात मिसळून विकले गेले, माणसांनी माणसे खाल्ली, रस्ते प्रेतांनी अडले, असे तो लिहितो. बादशहाने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे अन्नछत्रे उघडली, सुमारे सत्तर लाखांचा सारा सोडला आणि बुऱ्हाणपुरास दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस आठवडे दानधर्म केला. तो एकंदर एक लाख रुपये झाला.

आता ह्याच ग्रंथात सिंहासनाच्या वर्णनात एका माणकाची किंमत दिली आहे : एक लाख रुपये. वीस सोमवारांचा दानधर्म आणि सिंहासनाच्या मधल्या फळीतील एक खडा यांचे मोल तंतोतंत सारखे आहे. लाहोरीने हे दोन आकडे शेजारी मांडलेले नाहीत. त्याच्या मनात तशी तुलनाही आली नसेल. शहाजहानला निर्दय म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. सत्तर लाखांची सूट ही त्या काळी क्षुल्लक गोष्ट नव्हती. खरा मुद्दा असा की दुष्काळ पडला म्हणून सिंहासनाचे काम थांबवावे, असे त्या राज्यात कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही. दान आणि डौल ही राजाची दोन्ही कर्तव्ये मानली जात आणि दोन्ही एकाच खजिन्यातून पार पडत.

एका खड्याला लाख रुपये किंमत कशामुळे आली, हा प्रश्न येथे सोडविण्यासारखा आहे, कारण त्यात अशा सर्व वस्तूंचे मर्म आहे. हे माणिक इराणच्या शाह अब्बासने जहांगिराला भेट म्हणून पाठविले होते. जहांगिराने ते शहाजादा खुर्रमला, म्हणजे पुढच्या शहाजहानला, दख्खनच्या विजयाबद्दल दिले. दख्खनचा विजय म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीविरुद्ध मलिक अंबराशी झालेल्या झुंजीतील यश. त्या खड्यावर तैमूर, शाहरुख, उलुघ बेग, शाह अब्बास आणि मोगल बादशहा यांची नावे कोरलेली होती. मोगल स्वतःला तैमूरचे वंशज म्हणवीत. समरकंद मात्र त्यांच्या हातून केव्हाच गेले होते. ती गेलेली गादी ह्या तांबड्या खड्याच्या रूपाने त्यांच्या पाठीशी आली. किंमत होती ती त्या नावांच्या माळेची.

गमतीची गोष्ट अशी की आजचा रत्नपारखी ह्या खड्याला माणिक म्हणणारही नाही. बदख्शानच्या डोंगरातून येणाऱ्या ह्या तांबड्या रत्नाला फारसीत ‘लाल’ म्हणत आणि खऱ्या माणकाला ‘याकूत’. युरोपात दोन्ही एकाच नावाखाली खपत. पुढे रसायनशास्त्राने दाखवून दिले की लालमध्ये ॲल्युमिनियमबरोबर मॅग्नेशियमही असते आणि माणिक हा निराळाच खनिज पदार्थ आहे. तेव्हापासून लालचे नाव स्पिनेल झाले आणि बाजारात तिचा भाव उतरला. मोगलांना मात्र याकूताहून लाल अधिक प्रिय होती. खडा तोच, रंग तोच. नाव बदलताच मोल बदलले. लंडनच्या राजसंग्रहात साडेतीनशे कॅरटची एक लाल ‘तैमूरचे माणिक’ म्हणून प्रसिद्ध आहे; ईस्ट इंडिया कंपनीने ती लाहोरच्या खजिन्यातून १८४९ मध्ये घेतली. पण तिच्यावर तैमूरचे नाव नाही, आणि तैमूरशी तिचा संबंध नव्हता असे अलीकडच्या संशोधकांनी दाखविले आहे. उलट कुवेतमधील एका संग्रहात अडीचशे कॅरटच्या आसपासची एक लाल आहे. तिच्यावर उलुघ बेग, शाह अब्बास, जहांगीर आणि शहाजहान यांची नावे आहेत. नावांची ही ओळ लाहोरीच्या वर्णनाशी पुष्कळ जुळते.

इतर रत्नेही दूरदूरची होती. हिरे कृष्णाकाठच्या गोवळकोंड्याच्या खाणींतले, मोती इराणच्या आखातातले, नीलमणी सिंहलद्वीपचे. पाचूंचा प्रवास सर्वांत लांबचा. हिंदुस्थानात त्या काळी आलेले उत्तम पाचू दक्षिण अमेरिकेतील, आज कोलंबिया म्हणतात त्या देशाच्या डोंगरांतले होते. स्पेनच्या लोकांनी ते तेथील मूळ रहिवाशांकडून खाणीत राबवून काढले, जहाजांतून युरोपात नेले, आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातून ते गोव्याच्या बाजारात उतरले; काही फिलिपाइन्सच्या वाटेनेही आले. आग्र्याच्या तख्तावरील हिरव्या खांबांची एक वाट अशी गोव्यावरून गेलेली होती.

लाहोरीचा एक कोटीचा आकडा मात्र फार काळ टिकला नाही. फ्रान्सचा वैद्य बर्निए औरंगजेबाच्या दरबारात होता. १६६३ सालच्या पत्रात त्याने सिंहासनाची किंमत, आठवते त्याप्रमाणे, चार कोट सांगितली. दोन वर्षांनी त्याचाच देशबांधव ताव्हेर्निए दिल्लीस आला. जवाहिरखान्याचे हिशेब ठेवणाऱ्यांनी त्याला जो आकडा सांगितला तो त्याने सोळा कोट पाच लाख फ्रेंच लिव्र असा नोंदविला. रुपयाचे दीड लिव्र धरले तर हे दहा कोट सत्तर लाख रुपये होतात. तीस वर्षांत किंमत दसपट झाली! काही खडे मागाहून वाढविले गेले असतील. पण दसपट वाढले नसतील. शिवाय हे तख्त मुळात तैमूरने घडविण्यास सुरुवात केली होती, असेही ताव्हेर्निएला सांगण्यात आले. महाग वस्तूला वंशावळ लागते. नसली तर लोक ती जोडून देतात.

ताव्हेर्निएचे वर्णन दरबारी नाही, व्यापाऱ्याचे आहे. म्हणून ते अधिक विश्वासाचे वाटते. त्याने खडे मोजले. लाल एकशे आठ, त्यात सर्वांत लहान शंभर कॅरटची. पाचू सुमारे एकशे सोळा. रंग चांगला, पण दोष पुष्कळ. दरबाराच्या बाजूस ऐंशी-नव्वद कॅरटचा एक हिरा असा टांगलेला होता की बसलेल्या बादशहाला तो सतत समोर दिसावा. मोर त्याने एकच पाहिला : नीलमण्यांचा पिसारा, छातीवर मोठे माणिक आणि त्याखाली पन्नासेक कॅरटचा लांबट मोती. आणि सर्वांत मोलाचे काय? त्याच्या मते हिरा नव्हे, लालही नव्हे; बारा खांबांभोवती गुंडाळलेल्या मोत्यांच्या ओळी. प्रत्येक मोती गोल, पाणीदार आणि सहा ते दहा कॅरटचा. एक मोठा मोती मिळणे दैवाचे. पण शेकडो मोती एकाच गोलाईचे आणि एकाच पाण्याचे जमविणे म्हणजे पाणबुड्यांच्या कित्येक पिढ्यांचे श्वास एकत्र करणे होय.

बर्निएला सिंहासनाची कारागिरी रत्नांच्या योग्यतेची वाटली नाही. मोर मात्र त्याने वाखाणले. आणि ते, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, एका फ्रेंच माणसाने घडविले होते, जो युरोपातील राजांना खोटी रत्ने विकून इकडे पळून आला होता. रत्ने कोठून आली याविषयी त्याला शंका नव्हती : जुन्या राजांची आणि पठाणांची लूट, आणि सणासुदीला प्रत्येक उमरावाने करावयाची नजर. म्हणजे शहाऐंशी लाख हा आकडा कोणी मोजून दिलेल्या पैशांचा नसून जवाहिरखान्याच्या पारख्यांनी केलेल्या आकारणीचा असला पाहिजे. जे विकत घेतलेलेच नाही त्याची किंमत कितीही सांगता येते.

शहाजहानला ह्या आसनाचे सुख तेवीस वर्षे लाभले. १६५८ मध्ये मुलाने त्याला आग्र्याच्या किल्ल्यात कैद केले. काही रत्ने अजून म्हाताऱ्याच्या जवळ होती. सिंहासनाचे काम पुरे करण्यासाठी ती औरंगजेबाने मागविली. कैदेतील बादशहाने उत्तर पाठविले की राज्य नीट कर, तख्ताला हात लावू नकोस, आणि पुन्हा मागशील तर खडे कुटण्यासाठी हातोडे तयार ठेवले आहेत. बर्निएने दिलेल्या ह्या उत्तरात त्या वैभवाची सारी दुबळी बाजू दिसते. धान्याचे कोठार किंवा तळे कोणी हातोड्याने कुटून टाकू शकत नाही.

ह्याच सुमाराची आणखी एक हकिकत ताव्हेर्निएने दिली आहे. मीर जुमल्याने शहाजहानला नजर केलेला एक प्रचंड हिरा पैलू पाडण्यासाठी होर्तेन्सिओ बोर्जिओ या व्हेनिसच्या कारागिराकडे देण्यात आला होता. सुमारे नऊशे रत्तींचा तो हिरा घासून घासून तीनशेवीस रत्तींच्या आतबाहेर उरला. बादशहाने त्याला मजुरी तर दिली नाहीच, उलट दहा हजार रुपये दंड केला; त्याच्याजवळ आणखी असते तर तेही घेतले असते. मजुरीच्या खात्याचा आकडा एकदा तरी नोंदला गेला, आणि तो उणे दहा हजार आहे.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी १७३९ मध्ये कर्नाळच्या लढाईत मोगल फौज कोलमडली आणि २२ मार्च रोजी दिल्लीत नादिरशहाची कत्तल झाली. मे महिन्यात तो परतला तेव्हा मयूरासन आणि कोहिनूर दोन्ही त्याच्याबरोबर गेले. त्या लुटीच्या बळावर त्याने इराणात तीन वर्षांचा सारा माफ केला. शहाजहानच्या सत्तर लाखांची येथे आठवण होते. फरक इतकाच की ही माफी दिल्लीकरांच्या पदरून होती. १७४७ मध्ये नादिरशहाचा खून झाला आणि त्या धुमाळीत तख्त मोडून त्याचे तुकडे वाटले गेले. तेहरानमधील ‘तख्त-ए-ताऊस’ ते हे नव्हे. ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फतहअली शहाने करविले आणि त्याच्या ताऊस नावाच्या राणीवरून त्याला ते नाव पडले. कोहिनूर अफगाणिस्तान आणि लाहोर करीत लंडनला पोहोचला. १८५२ मध्ये तेथे त्याला नव्याने पैलू पाडले तेव्हा एकशे शहाऐंशी कॅरटचा तो एकशे सहाच्या आत आला.

मराठी तोंडी ‘भाऊसाहेबांनी दिल्लीचे तख्त फोडले’ असे शब्द रूढ आहेत. त्यात तपशिलाची चूक आहे. सदाशिवरावभाऊ ऑगस्ट १७६० मध्ये दिल्लीत शिरले तेव्हा खरे तख्त जाऊन एकवीस वर्षे झाली होती. फुटले ते दिवाण-ए-खासचे चांदीचे छत. दक्षिणेतून निघालेली प्रचंड फौज, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा पसारा यमुनाकाठी अडकला होता; उत्तरेतील वसूल येत नव्हता, पुण्याहून पैसा पोहोचत नव्हता, नदीला पूर होता आणि पलीकडे अब्दाली बसला होता. घोड्यांना दाणा नव्हता, शिपायांचे पगार थकले होते. तेव्हा शहाजहानच्या दालनाचे छत उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली. सुमारे नऊ लाख रुपये झाले. जाट राजा सूरजमलला हे रुचले नाही, आणि पुढे मराठी इतिहासकारांनीही ह्या कृत्याबद्दल भाऊंना बोल लावला आहे. कलेच्या दृष्टीने तो बोल खरा आहे. पण त्या दालनातील संपत्तीपैकी एवढीच अशी होती की जी वितळून साध्या शिपायांच्या आणि बारगिरांच्या हातात पगार म्हणून पडली. ते रुपये महिनाभरही पुरले की नाही कोण जाणे. ऑक्टोबरात फौज कुंजपुऱ्याकडे निघाली, आणि तेथून पानिपत फार दूर नव्हते.